रातिनार

फॉर्मवर लिहिलंय:
मल्लेशम इराबत्ती, एकाहत्तर, पुरुष,
राहणार विडी घरकुल.
उजव्या छातीत पाणी, तीनदा काढलं.
टीबीच्या गोळ्या सहा महिने, उतार नाही.
संशय फुफ्फुसाच्या कॅन्सरचा, पुढे प्रश्नचिन्ह.
व्यवसाय: चादर.
एवढंच. चादर.
जसा काही हा माणूसच
कुणीतरी अंथरायला घेतला होता.

तुकडा आला कडक भाकरीच्या पापुद्र्याएवढा,
पांढरट, सुरीखाली करकरणारा.
इलाहीभाई म्हणाले, मॅडम, हे फुफ्फुस नाही, ही साल आहे.
बत्तीस वर्षं ते मेणात माणसं बुडवतायत,
त्यांच्या बोटांना माझ्याआधी कळतं.

काचेवर गुलाबी, जांभळं.
पेशी नळ्या करून उभ्या,
अगदी फुफ्फुसातल्या ग्रंथींच्या कॅन्सरसारख्या,
गोम तीच आहे.
आणि आवरणाच्या भोळ्या पेशीसुद्धा
साध्या सुजेनं अशाच फुगतात,
भांडण शेजारी, घाबरल्या या.
म्हणून चेहऱ्यावर जायचं नाही.
कुठवर शिरल्या ते बघायचं.
सूज उंबऱ्यावर थांबते.
या चरबीत उतरल्या होत्या,
माजघरात, चपला घालून.

तरी एका साक्षीवर निकाल देत नाहीत.
काचा पुण्याला गेल्या, नवव्या दिवशी परतल्या.
कॅलरेटिनिन: होय. केंद्रासकट तपकिरी.
डब्ल्यूटी-वन: होय.
टीटीएफ-वन: नाही.
फुफ्फुसानं हात वर केले, हा माझा नव्हे.
सीईए नाही. क्लॉडिन नाही.
बॅप-वन तर शेजारच्या गरीब पेशींतसुद्धा होतं,
यांच्यात तेवढं पुसलेलं,
केंद्रं निळी, कोरी.

पण चादर?
कापसानं छाती आवळते, सोमवारी जास्त,
दम लागतो, माणूस खोकत म्हातारा होतो.
कापूस हे करत नाही.
मी घरचा नंबर फिरवला.

लचमव्वा आली सूप घेऊनच,
हजार विड्या द्यायच्या होत्या संध्याकाळपर्यंत.
चादर? त्यांनी एक वीत विणली नाही, मॅडम.
मिलमध्ये बॉयलरवर होते ते.
पाइपावरचं जुनं गुंडाळणं ठोकून काढायचं,
नवं भिजवून थापायचं.
पांढरं, पिंजल्यासारखं. भट्टीत टाका, जळत नाही.
मुकादम त्याला रातिनार म्हणायचा.

माझा कान मराठी.
मला ऐकू आली रात, आणि नार,
आणि क्षणभर, लाज वाटते सांगायला,
मी म्हाताऱ्याच्या तरुणपणाबद्दल भलतंच समजले.
ती म्हणाली, राती म्हणजे दगडाचा.
नार म्हणजे धागा.

दगडाचा धागा.
या गावात धागा म्हटलं की कुणी विचारत नाही कसला.
त्याला ना उभं माहीत ना आडवं,
ना काठ, ना कुणाची ऊब.
मिल बंद झाली, भोंगा गेला, यंत्रं भंगारात गेली,
तो मात्र चाळीस वर्षं
एका माणसाच्या बरगडीआड
कामावर हजर.

मी निदान टाइप केलं.
मेसोथेलिओमा, एपिथेलिऑइड प्रकार.
टीबीच्या गोळ्या बंद होतील, एवढा फायदा.
भरपाईचा अर्ज कुणाच्या नावानं करायचा
ते कळवायला मालक कुठे आहे, विचारू नका.

उठता उठता तिला विचारलं,
त्यांचे कपडे कोण धुवायचं?
मीच की. आधी दारात झटकायची,
लई उडायचं, केस पांढरे व्हायचे माझे,
पोरं हसायची, आई म्हातारी झाली म्हणून.
ती हसली. हसता हसता खोकली.
विडीचा आहे हा, मॅडम, पानाची धूळ.

तिला म्हटलं, बसा जरा, फोटो काढू छातीचा.
हजार विड्या, ती म्हणाली.
होतील, म्हटलं.

नवा फॉर्म ओढला.
व्यवसाय: विडी.
आणि पूर्णविराम द्यायला टेकवलेलं पेन
तिथंच वळवून
स्वल्पविराम केला.